अकरा फ्लेक्सवरची ‘सुधारली’

फ्लेक्स बांधून अर्धा तासही झाला नव्हता. कर्जतच्या एस.टी. स्टँडसमोर आमचं टेबल, टेबलावर पत्रकं, मागे फ्लेक्स. एका बाईंनी भाजीची पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, “पावडर केवढ्याला?”

“कसली पावडर, मावशी?”

“ही, सुधारायची.” त्यांनी फ्लेक्सकडे बोट केलं. “माझी सून लय वाळलीय. दुधात घ्यायची का पाण्यात?”

मी सांगितलं, इथं विकायला काही नाही, आम्ही संस्थेचे आहोत, माहिती द्यायला बसलोय. त्यांनी पत्रक घेतलं, मागची बाजू कोरी आहे का ते पाहिलं आणि गेल्या. दहा मिनिटांनी जिमचा टी-शर्ट घातलेला एक मुलगा आला. “कुठली कंपनी? रिझल्ट किती दिवसांत?” त्याच्या मागोमाग एक आजोबा. त्यांना एवढंच हवं होतं, आयुर्वेदिक आहे की इंग्लिश.

तेव्हा मी टेबलाच्या पुढे जाऊन, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसासारखं उभं राहून आपलाच फ्लेक्स पहिल्यांदा वाचला. डावीकडे मान खाली घातलेली एक किडकिडीत मुलगी. उजवीकडे तीच मुलगी, गाल भरलेले, हसणारी. मध्ये हातभर अक्षरांत: ‘ती सुधारली. तुम्हीही सुधारू शकता.’

आमच्या भागात ‘सुधारली’ म्हणजे अंगाने भरली. माहेरी आलेल्या मुलीला ओट्यावरच्या बाया म्हणतात, “सुधारलीस गं.” बाळंतिणीला म्हणतात. गाभण म्हशीलासुद्धा म्हणतात. म्हणजे अकरा चौकांत आम्ही लिहून ठेवलं होतं, ती जाड झाली, तुम्हीही होऊ शकता.

आणि आमचा आठवडा होता ईटिंग डिसऑर्डरबद्दलचा.

आता हे काय असतं ते सांगते, कारण मलाही ते नोकरीत आल्यावरच कळलं. ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खाण्याशी जडलेला मनाचा आजार. भूक नसणं वेगळं, हट्ट वेगळा, डाएट वेगळं. इथे माणसाच्या डोक्यात सतत जेवण आणि आपलं शरीर यांचाच हिशोब चालू असतो. कुणी खाणं जवळपास बंद करतं. कुणी थांबताच येत नाही असं खातं आणि मग स्वतःचा तिरस्कार करत बसतं. जीव जाऊ शकतो इतका तो गंभीर असतो, आणि उपचार केले तर माणूस त्यातून बाहेरही येतं. मुलींना होतो, मुलांना होतो, बारीक दिसणाऱ्याला होतो, न दिसणाऱ्यालाही होतो. नुसतं बघून कळत नाही.

मी खालापूर तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुढे एमएसडब्ल्यू केलं, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. ती सर्टिफिकेटं आजही लॅमिनेट करून ठेवली आहेत आणि त्याची मला लाज वाटत नाही. नोकरीची पहिली आठ वर्षं मी कुपोषणाच्या कामात होते. डोंगराकडच्या वाड्यांमध्ये जायचं, अंगणवाडीतल्या पोरांची वजनं करायची, वाढलं की रजिस्टरात शेरा मारायचा: ‘सुधारणा’. त्या एका शब्दासाठी आम्ही चार-चार किलोमीटर चढ चढलोय. म्हणून मुंबई ऑफिसने जेव्हा सांगितलं की आता ईटिंग डिसऑर्डरवर काम करायचं, तेव्हा मी सरळ म्हटलं होतं, “मॅडम, हे शहरातलं दुखणं आहे. आमच्याकडे ताटात काय पडणार हा प्रश्न असतो.”

मग शबाना आमच्याकडे काउन्सेलर म्हणून आली. खोपोलीची मुलगी, वडिलांचं सुक्या मासळीचं दुकान. पहिल्याच वर्षी तिच्याकडे कॉलेजच्या चार मुली आणि कबड्डी खेळणारा एक मुलगा आला. कुणी नेरळहून, कुणी चौक गावाहून. कुणाच्याही घरच्यांना वाटलं नव्हतं की हा आजार आहे. एकीला तर सगळं गाव मानायचं, किती उपास करते, किती देवभक्त. ‘शहरातलं दुखणं’ हे शब्द मी मागे घेतले.

आणि आता फ्लेक्स. चूक मुंबईची, असं मला लिहायला आवडलं असतं. पण मजकूर छापण्याआधी तपासायला माझ्याकडेच आला होता. केतकी मॅडम, म्हणजे आमच्या मुंबईच्या हेड, त्यांनी इंग्रजीतून मराठी करवून घेतलं होतं आणि मेलमध्ये लिहिलं होतं, ‘तुझं मराठी चांगलं आहे, एकदा बघ.’ मी बघितलं. ‘सुधारु शकता’ मधला ‘रु’ ऱ्हस्व होता. मी तो दीर्घ केला आणि ‘ओके’ लिहून पाठवलं. जन्मभर ज्या अर्थाने ऐकला त्या अर्थाने तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेला आणि मी त्याचा फक्त उकार पाहिला.

दुपारी हिराबाई आल्या. हिराबाई म्हणजे आमच्या एका वाडीवरच्या अंगणवाडी सेविका. कुपोषणाच्या कामात आम्ही आठ वर्षं एका डब्यात जेवलो. जनजागृतीचा कुठलाही आठवडा असो, त्या मदतीला येतात, विषय काय ते टेबलाशी आल्यावर विचारतात. त्यांनी चष्मा लावला, फ्लेक्स मोठ्याने वाचला आणि हसायला लागल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या.

“पोरी, हे तू लिवलंस?”

“तपासलं.”

“आनि ही जाडी झाली म्हनून सरकारनं फोटो लावलाय काय हिचा?”

“सरकार नाही, आपली संस्था.”

“मंग आमच्या वाडीतल्या शेवंतीचा लाव. ती तर हिच्या दुप्पट सुधारलीय.”

मीही हसले. खरंच हसले. संध्याकाळी केतकी मॅडमना फोन करून पावडरचा किस्सा सांगितला.

“पण सुधारणा म्हणजे रिकव्हरीच ना?” त्या म्हणाल्या.

“पुस्तकात. इथं सुधारणं म्हणजे वजन वाढणं.”

“अगं, मजेशीरच आहे. पण लोक टेबलापर्यंत येतायत ना? मग राहू दे. तू समजावून सांग.”

मला ते पटलं. अकरा फ्लेक्स लागले होते. लोक येत होते, मी समजावत होते. सोमवार गेला, मंगळवार गेला.

बुधवारी सकाळी शबाना ऑफिसात आली आणि बॅग न काढताच समोर बसली.

“मनालीचा फोन आला होता. तिनं सांगितलं, ताईंना सांगितलंस तरी चालेल, म्हणून सांगते.”

मनाली हे तिचं खरं नाव नाही. मोहोपाड्याची मुलगी, तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. वडील, त्यांना आपण विलासकाका म्हणू, रसायनीच्या एका कंपनीत ऑपरेटर. मनाली दीड वर्षापूर्वी शबानाकडे आली तेव्हा जिना चढताना दोनदा थांबायची. तेव्हापासून डॉक्टर, आहारतज्ज्ञ, शबाना आणि घर, अशा चौघांनी मिळून तिला इथवर आणलं होतं. आठवड्याच्या शेवटी, शनिवारी, खालापूरला कॉलेजच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. त्यात पाच मिनिटं बोलते, असं ती आपणहून म्हणाली होती. आम्ही तिला दोनदा विचारलं होतं, नक्की ना? ती म्हणाली होती, नक्की.

“काय झालं?”

“मोहोपाड्याच्या नाक्यावरचा फ्लेक्स तिच्या वडलांनी पाहिला. फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमची मनालीपण सुधारली’.”

“कुणी, विलासकाकांनी?” मी विचारलं.

“आनंदानं टाकलं गं त्यांनी. मग खाली सुरू झालं. आत्या म्हणते, हो, लग्नात बघितली, मस्त सुधारलीय. मामी म्हणते, आता बास, जास्त नको सुधारू. तिनं ते सगळं वाचलं. परवापासून ती ताटावर बसलेली नाही. शनिवारचं नाव काढलं की रडते.”

“आता हे पहिल्यासारखं...?”

“घसरणं होतं यात. एकदा पाय घसरला म्हणजे सगळं गेलं असं नाही. पण दोन दिवसांचे पाच झाले, पाचाचे पंधरा झाले, की मग ते अवघड जातं. आत्ताच धरायला हवं.” शबानाने बॅग काढून ठेवली. “आणि तो फ्लेक्स तिच्या कॉलेजच्या वाटेवर आहे. जाताना आणि येताना.”

मी तिथूनच मुंबईला फोन लावला.

“मॅडम, फ्लेक्स उतरवते.”

“आज बुधवार आहे. शनिवारी पाहुणे येणार, मीडियावाले येणार. मध्येच बोर्ड नाही?”

“एका पेशंटला त्याने त्रास झालाय. आपल्याच पेशंटला, आपल्याच बोर्डाने.”

केतकी मॅडमबद्दल मी एरवी काहीही बोलत असेन, पण त्या दिवशी त्यांनी एकही जास्तीचा प्रश्न विचारला नाही. “उतरव,” त्या म्हणाल्या. “किंवा तेवढी ओळ झाक. पण तिथे काय लिहायचं ते तू ठरव. मी आता मराठीला हात लावणार नाही.”

फ्लेक्सवाला म्हणाला, ओळीच्या मापाचे स्टिकर काढून देतो, वरून चिकटवा, कळणारही नाही. मजकूर उद्या संध्याकाळपर्यंत द्या. म्हणजे माझ्याकडे एक दिवस होता आणि एक शब्द शोधायचा होता. मी हिराबाईंना फोन लावून समोर यादी घेऊन बसले.

“‘ती बरी झाली’?”

“बरी म्हंजे? ताप उतरला का? आनि अंगानं बरी हाय म्हनतात ते काय बारकीला म्हनतात होय?”

“‘ती सावरली’?”

“पदर सावरतात. पोरगी कुटं पडली होती?”

“‘ती नीट झाली’?”

“कुनी मारून नीट केली तिला?”

“‘ती बदलली’?”

“लगीन झाल्यावर सगल्याच बदलतात. तुजी वहिनी नाय बदलली?”

मी यादी बाजूला ठेवली. कॉलेजात मला भाषांतरात चांगले मार्क होते. हिराबाई सातवी शिकल्या आहेत.

गुरुवारी दुपारी शबाना आणि मी मोहोपाड्याला गेलो. जायच्या आधी मनालीला विचारलं होतं. ती म्हणाली, या.

विलासकाका फर्स्ट शिफ्ट करून नुकतेच घरी आले होते. फर्स्ट शिफ्ट म्हणजे सकाळी सात ते दुपारी तीन. कंपनीचा शर्ट अजून अंगात होता. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले, परीक्षेचा निकाल ऐकायला बसतात तसे. काकू पाणी घेऊन आल्या. मनाली आतल्या खोलीत होती.

“म्याडम, मी वाईट बोललो का?” त्यांनी शबानाला विचारलं.

“नाही काका.”

“मंग? वर्षभर मी सेकंड शिफ्ट घेतली नाय. ती दुपारी तीन ते रात्री अकरा, रात्रीचं जेवन चुकतं. साहेबाच्या पाया पडून फर्स्ट लावून घेतली. डॉक्टर म्हनाले, सगले एकत्र बसून जेवा, तिच्या ताटात बघू नका. मी भिंतीकडं बघून जेवलो. वर्षभर. त्या भिंतीला कुटं पोपडा आलाय ते मला पाठ हाय.” त्यांनी भिंतीकडे हात केला. पोपडा खरंच होता. “आता पोरगी सुधारली, तर सुधारली असं पन म्हनायचं नाय?”

काकू दारातूनच म्हणाल्या, “त्या पोपड्याला रंग द्या म्हनून मी वर्षभर सांगते, तेवढं नाय ऐकलं.”

शबाना हसली, मग विलासकाकाही थोडे हसले आणि त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. मला त्या माणसाला काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण चूक त्यांनी केली नव्हती. त्यांनी आमचा फ्लेक्स वाचला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता. मी तेच बोलले.

“काका, तो शब्द आमच्या बोर्डावर होता म्हणून तुम्ही लिहिलात. बोर्ड मी तपासला होता. चुकलं माझं.”

“तुमी कशाला चुकाल? तुमी शिकलेल्या.”

“म्हणूनच चुकले.”

तेवढ्यात मनाली बाहेर आली. ओढणी घट्ट गुंडाळून घेतलेली, ऊन असून. ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली.

“बाबांना काही बोलू नका,” ती म्हणाली.

“कुणी काही बोलत नाहीये गं,” शबाना म्हणाली.

“आणि ताई, तुमचा फ्लेक्स काही खोटा नाही. मी सुधारलेच आहे. दोन्ही अर्थांनी. मला त्यातला एक ऐकायचा असतो आणि लोक दुसरा म्हणतात.” ती ओढणीचं टोक गुंडाळत होती. “बाबा चांगल्या मनाने म्हणतात हे मला कळतं. आत्या पण. कळलेलं असतं सगळं. मग ताट समोर येतं आणि ते कळलेलं कुठं जातं कुणास ठाऊक.”

मी तिला खरं ते विचारलं. तिथे मी अधिकारी म्हणून गेलेच नव्हते. “त्या जागी काय लिहायचं ते मला आज संध्याकाळपर्यंत द्यायचंय. सुधारली नको. बरी झाली नको. मग काय म्हणायचं, सांग.”

“काहीच नको.”

“अगं, माणूस भेटल्यावर काहीतरी बोलणारच. आपली माणसं गप्प बसतील?”

“दादा कामावरून येतो तेव्हा त्याला काय म्हणतात? ‘आलास? बस.’ मी आले की आधी वरपासून खालपर्यंत बघतात. मग एकतर वाळलीस, नाहीतर सुधारलीस. लहानपणापासून. मला कुणी ‘आलीस? बस’ म्हणतच नाही.”

काकूंनी हातातला ग्लास खाली ठेवला. विलासकाका म्हणाले, “आलीस, बस. एवढंच?”

“एवढंच.”

मग त्यांनी फोन काढला आणि मला विचारलं, तो सोमवारचा मेसेज आता काढता येतो का. मी सांगितलं, वेळ निघून गेली, आता सगळ्यांच्या फोनमधून जाणार नाही. मग त्यांनी बसून नवा मेसेज लिहिला. एका बोटाने, पुष्कळ वेळ. आम्हाला वाचून दाखवला: ‘आमच्या मनालीच्या अंगाबद्दल ग्रुपवर कोणी काही लिहू नये. मी पण लिहिणार नाही. विलास.’ पाठवल्यावर आत्याचा नमस्काराचा हात लगेच आला. मामीचं काही आलं नाही.

“मामी उद्या घरी येऊन बोलेल,” काकू म्हणाल्या. “तिला मी बघते.”

आम्ही निघताना मनालीने शबानाला सांगितलं की ती शनिवारी बोलणार नाही. शबाना म्हणाली, नको बोलू. ती म्हणाली, येईन का ते पण माहीत नाही. शबाना म्हणाली, ते शनिवारी बघ.

रिक्षात बसल्यावर मी शबानाला विचारलं, “येईल?”

“तू तिच्या येण्यावर कार्यक्रम मोजू नकोस. ती आज संध्याकाळी ताटावर बसली तर मला पुष्कळ आहे.”

स्टिकरवर आम्ही लिहिलं: ‘भेटल्यावर तिच्या अंगाबद्दल बोलू नका. “आलीस? बस.” एवढं पुरे.’ खाली लहान अक्षरांत, खाणं आणि मन यांचं जमत नसेल तर आमच्याशी बोला. केतकी मॅडमना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘हे इंग्रजीत कसं करायचं ते मला कळत नाही, म्हणजे बरोबर असणार.’

शुक्रवारी सकाळपासून हिराबाई आणि मी टेंपो घेऊन फिरलो. कर्जत, नेरळ, चौक, खालापूर. स्टिकर सरळ चिकटवणं हे फार अवघड काम आहे. दोन ठिकाणी ते तिरके बसले, एका ठिकाणी आत हवा राहून ‘बस’ला फुगा आला. हिराबाई फुग्यावर चप्पल घासत म्हणाल्या, “ही बस सुधारली.” मी त्यांच्याकडे पाहिलं. “आता एवढं पन बोलायचं नाय?” त्या म्हणाल्या. “तीस वर्सं पोरांना त्येच बोलून मोठी केली मी.”

“बसला बोला. पोरींना नको.”

चारच्या सुमारास मोहोपाड्याच्या नाक्यावर पोचलो तर विलासकाका शिफ्ट संपवून आधीच उभे होते. घरून शिडी आणली होती. तो स्टिकर त्यांनी एकट्याने लावला. एका रेषेत. इतका सरळ दुसरा कुठला बसला नाही. शिडीवरून उतरताना मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, “काल रात्री बसली. थोडं. मी भिंतीकडंच बघत होतो, पन आवाज येतो ना वाटीचा.”

त्या दिवशी दुपारनंतर टेबलावर पावडर कुणी विचारली नाही. लोकही कमी थांबले, हे खरं आहे. पण खालापूरला, जिथे शबाना टेबल लावून बसली होती, एक बाई बराच वेळ ती ओळ वाचत उभ्या होत्या. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “आमच्या धाकटीला घेऊन आलं तर चालंल का? तिला सगळे हत्तीण म्हनतात. मी पन म्हनते.” शबानाने त्यांना सोमवारची वेळ दिली. सोमवारी त्या आल्या, धाकटीला घेऊन.

शनिवारी हॉल बऱ्यापैकी भरला. मी पुढे माइकच्या वायरीत अडकले होते. हिराबाईंना दारापाशी बसवलं होतं, येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायला. पाहुणे आले, केतकी मॅडम आल्या, आणि मान वर केली तर दारात मनाली. मागे विलासकाका, इस्त्रीच्या शर्टात.

हिराबाई तिला ओळखत नव्हत्या. पण दोन-तीन दिवस त्यांनी विलासकाकांबद्दल ऐकलं होतं आणि शिडीवाले काका त्यांनी कालच पाहिले होते. म्हणजे ही कोण हे त्यांना लगेच कळलं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये शंभर खुर्च्या. मला दिसलं की हिराबाईंनी पेन ठेवलं, चष्मा वर केला आणि सवयीने मनालीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तीस वर्षं त्या वजनकाट्याशेजारी बसल्या आहेत. त्यांच्या डोळ्यांना दुसरं येतच नाही. तोंड उघडलं. मनाली जागच्या जागी थांबली.

हिराबाईंनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

“आलीस?” त्या म्हणाल्या. “बस गं. तिकडं पंख्याखाली जागा हाय.”

मनाली हसली. तोंडावर ओढणी घेऊन हसली आणि जाऊन पंख्याखाली बसली.

केतकी मॅडमनी कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवून मला विचारलं, “हे मनोगत?”

“ती आज ऐकायला आलीय.”

त्यांनी पेन घेऊन ती ओळ खोडली. मनोगताच्या जागी शबाना बोलली, आणि चांगली बोलली. पाहुणे गरजेपेक्षा जास्त बोलले. मीडियावाल्यांनी पाहुण्यांचा फोटो काढला आणि ते गेले.

नंतर पोहे होते, कागदी बशीत. खायला काय ठेवायचं, ठेवायचं की नाही, यावरही आमची आधी चर्चा झाली होती. शबाना म्हणाली होती, ठेवायचं, टेबलावर ठेवायचं, कुणाच्या हातात द्यायचं नाही, आग्रह करायचा नाही. आपल्याकडे आग्रह न करता पोहे देणं हे किती कठीण आहे ते त्या दिवशी कळलं. तीन बायकांना मी डोळ्यांनी थांबवलं.

मनालीने स्वतः जाऊन बशी घेतली. येऊन हिराबाईंच्या शेजारी बसली. मी त्यांच्या पलीकडे. हिराबाईंनी समोरच्या भिंतीकडे बघत त्यांच्या शेळीची हकिगत सुरू केली. शेळीने शेजाऱ्याचा मोगरा खाल्ला होता, त्यावरून पंचायत बसली होती, आणि हिराबाईंचं म्हणणं होतं की मोगऱ्याने कुंपणाबाहेर यायला नको होतं. हकिगत फार लांब होती. मनाली दोनदा मोठ्याने हसली. किती खाल्लं ते मी पाहिलं नाही. पाहायचं नसतं.

तिला पुढे दोन महिने शबानाकडे आठवड्यातून दोनदा यावं लागलं. मध्ये एकदा डॉक्टरांकडेही जावं लागलं. त्या आठवड्याने काही चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. एक घसरण आम्ही आमच्या हाताने घडवली आणि सगळ्यांनी मिळून वेळेत धरली, इतकंच. मनाली आता एका लॅबमध्ये नोकरी करते. विलासकाका अजून फर्स्ट शिफ्टलाच आहेत. हे लिहून झाल्यावर मी तिला वाचायला पाठवलं. तिने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. बाकी चालेल म्हणाली.

अशा कामात येणाऱ्या नवीन मुलींना मी दोन गोष्टी सांगते. एक, ज्याच्यासाठी बोर्ड लिहायचा त्याला आधी विचारा, पाहुण्यांना नंतर. दुसरी माझ्यापुरती आहे. आता कुठलंही पोस्टर छापायला देण्याआधी मी ते हिराबाईंना फोनवर वाचून दाखवते. त्या हसल्या, तर छापत नाही.